प्रतीक्षायादीच्या सावलीत : एका स्कूटरचा आणि तिच्या इंजिनाचा इतिहास

बेळगावच्या उद्योगेतिहासाचा आरंभ सायकलीच्या दुकानापासून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती योग्यच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ सालापासून चालविलेले ते दुकान पुढे कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाच्या माळावर, किर्लोस्करवाडीच्या रूपाने स्थिरावले. या कथेतील एक तपशील मात्र सहसा घाईने ओलांडला जातो. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले थोडे नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षे लागली. माल तयार होता, गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे नांगर चांगला का आहे, तो कोठे झिजतो, कोणता भाग बदलता येतो, हे गिऱ्हाइकाच्या बांधावर जाऊन दाखविणे कारखानदाराला भाग पडले.

सुमारे सहा दशकांनंतर याच मुलखात दुसरे एक यंत्र आले आणि त्याच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी होती. गिऱ्हाईक तयार होते, पैसे भरून बसलेले होते, माल मात्र नव्हता. हे यंत्र म्हणजे बजाजची स्कूटर. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, चिकोडीचा वकील, बेळगावातील बँकेचा कारकून, संकेश्वरचा शिक्षक या सर्वांच्या घरातील एका पिढीची ती महत्त्वाकांक्षा होती. तिचा इतिहास साधारणपणे दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ती परवानाराज्यातील टंचाईचे प्रतीक असते, दुसऱ्यात मध्यमवर्गाच्या स्मरणरंजनाचा विषय. प्रस्तुत लेखकाला या दोहोंपेक्षा तिच्या इंजिनात अधिक रस आहे. एका कंपनीला आपले सर्वांत यशस्वी यंत्र सोडून दुसऱ्याकडे जाण्यास इतका काळ का लागला, आणि अखेर ती गेली तेव्हा तिने इंजिनाबरोबर संबंध वाहनच का टाकून दिले, हा प्रश्न केवळ पुण्याच्या एका कारखान्यापुरता नाही.

प्रथम वंशावळ. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्यातील बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी नोव्हेंबर १९४५ मध्ये स्थापन झाली आणि १९४८ पासून तिने दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकण्यास आरंभ केला. १९५९ साली तिला भारतात उत्पादनाचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर पुण्याजवळ आकुर्डीस तयार होऊ लागली. आरंभीच्या या उद्योगात अहमदनगरचे फिरोदिया कुटुंब भागीदार होते. १९६८च्या सुमारास दोन्ही घराणी वेगळी झाली, टेम्पोचा कारखाना फिरोदियांकडे गेला, स्कूटरचा बजाजांकडे राहिला. त्याच सुमारास राहुल बजाज यांच्या हाती कारभाराची सूत्रे आली. १९७१ साली पियाज्जोशी असलेला करार संपला आणि सरकारने त्याचे नूतनीकरण होऊ दिले नाही. तेव्हा तेच यंत्र, थोड्याफार फरकाने, राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन १९७२ साली बाजारात आले. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि तिची ‘प्रिया’ चेतकची धाकटी बहीण म्हणून धावू लागली. पुणे-बेंगळूर महामार्गाच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना स्कूटर ही अशा रीतीने जवळजवळ घरचीच वस्तू झाली.

हे यंत्र मुळात होते कसे? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत, १९४६ साली, विमानांची रचना करणाऱ्या कोरादिनो दास्कानियो नावाच्या अभियंत्याने व्हेस्पाची कल्पना मांडली. त्याला मोटारसायकल आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागू नये, टांग टाकून बसावे लागू नये, पंक्चर झाले तर चाक मोटारीप्रमाणे चार नटांवर बदलता यावे, या त्याच्या अपेक्षा होत्या. म्हणून त्याने सांगाडाच काढून टाकला. पत्र्याचे अंगच सांगाड्याचे काम करू लागले. इंजिन मागच्या चाकाला चिकटवून उजव्या बगलेत बसविले. त्यामुळे गाडीचे वजन एका अंगाला झुकले आणि चालविणाऱ्याला नकळत अंग किंचित दुसरीकडे झुकविण्याची सवय लागली. ती सवय इतकी अंगवळणी पडली की जुन्या स्कूटरवाल्याला मोटारसायकलीवर बसविले तरी तो काही दिवस तिरकाच बसे.

इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. त्याचा गुण म्हणजे साधेपणा. चार-स्ट्रोक इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार क्रिया दट्ट्याच्या चार फेऱ्यांत होतात व त्यासाठी झडपा, त्या उघडझाप करणारा दांडा, त्याची साखळी असा मोठा संसार लागतो. टू-स्ट्रोकमध्ये हे सारे दोन फेऱ्यांत उरकते. झडपा नाहीत, सिलिंडरच्या भिंतीतील भोके दट्ट्याच उघडतो आणि बंद करतो. फिरते भाग थोडे, म्हणून बिघाडाच्या जागाही थोड्या, आणि बिघाड झाला तर तो नेमका कोठे आहे हे अंधारातही हाताला कळते. त्याचा अवगुणही याच साधेपणात आहे. जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करीत असल्याने त्यातील काही अंश न जळताच धुराबरोबर निघून जातो. शिवाय वंगणाची निराळी व्यवस्था नसल्याने तेल पेट्रोलातच मिसळावे लागते आणि तेही जळते. पेट्रोल पंपावर मापाने ओतले जाणारे ते हिरवे-निळे ऑईल, गाडीमागे रेंगाळणारा निळसर धूर आणि काजळीने माखलेला प्लग ही तिन्ही एकाच कारणाची फळे होत.

आपल्या भागातील रस्त्यांवर या इंजिनाची कसोटी लागे ती घाटात. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदीचा घाट आणि पुढे बेळगावच्या अलीकडे वंटमुरीचा घाट. दोघे बसलेले, पुढे उभे एक मूल, पायाशी सामान, अशा स्थितीत गाडी दुसऱ्या गिअरवर चढवायची, आणि वर पोचल्यावर इंजिन गार होईपर्यंत थांबायचे, हा रिवाजच होता. डिकीत पाना, जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असल्याशिवाय परगावी निघणारा स्कूटरवाला विरळा. सकाळी गाडी किकेला दाद देईनाशी झाली की ती एका अंगावर आडवी करून पुन्हा उभी करण्याचा सार्वत्रिक उपाय होता. असे केल्याने इंधन कार्ब्युरेटरपर्यंत पोचते असे सांगत. कित्येकदा गाडी सुरूही होई. अमुक यंत्र सुरू करण्यासाठी ते आधी आडवे पाडावे लागते, ही गोष्ट कोणालाच विचित्र वाटत नव्हती, याचे आज नवल वाटते.

वाटत नव्हती, कारण गाडी मिळाली हेच मोठे होते. स्कूटरची मागणी नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. लोकप्रिय नमुन्यासाठी ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत जाई. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून आखातात नोकरी करणारा आप्त असणे ही लग्नाच्या बाजारातही जमेची बाजू होती. नोंदणीची पावती स्वतःच विकली जाई आणि वापरलेली गाडी नव्याहून महाग जाई. कंपनीने उत्पादन वाढविले नाही असे मात्र नाही. १९७६-७७ साली तिने वर्षात एक लाख वाहनांचा टप्पा गाठला, १९८५-८६ मध्ये पाच लाखांचा. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजचा नवा कारखाना सोळा महिन्यांत उभा राहिला. त्याआधी किती गाड्या करायच्या हे सरकार ठरवीत होते, आणि लोकांना हवी असलेली वस्तू परवान्यापेक्षा जास्त केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी आपली तयारी आहे, असे राहुल बजाज जाहीरपणे सांगत. त्यांचा हा मुद्दा रास्तच होता.

परंतु परवानापद्धतीला सारा दोष देऊन मोकळे होणे हा इतिहासकाराचा आळस ठरेल. प्रतीक्षायादी उत्पादकाचे हात बांधते हे खरे. त्याचबरोबर ती त्याचे डोळेही झाकते. ज्याने दहा वर्षे वाट पाहून गाडी मिळविली तो तक्रार करीत नाही, तो जुळवून घेतो. त्याचे हे जुळवून घेणे कारखान्याच्या हिशेबात समाधान म्हणून जमा होते. स्पर्धक म्हणावेत तर मुंबईच्या एपीआयची लॅम्ब्रेटा आणि लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियाची विजय सुपर. दोन्ही बजाजला मागे टाकण्याच्या स्थितीत कधीच नव्हत्या. अशा वेळी गुणवत्तेची व्याख्या हळूहळू बदलते. चेतकची गुणवत्ता ही न बिघडण्याची नव्हती, ती दुरुस्त होण्याची होती. खानापूरच्या जंगलातल्या वस्तीपासून अथणीच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत कोठेही तिचा मेस्त्री सापडे, क्लचची वायर किराणा दुकानात टांगलेली असे, आणि वीस वर्षे वापरलेली गाडी सिलिंडरला बोअर मारून, नवा दट्ट्या घालून पुन्हा उभी करता येई. या गुणाला कमी लेखू नये. गरीब देशात तोच गुण फार मोठा असतो. मात्र तो गुण कारखान्याने निर्माण केला त्याहून अधिक मेस्त्रींनी आणि मालकांनी निर्माण केला, आणि म्हणूनच दुसऱ्या प्रकारची गुणवत्ता समोर येताच तो अपुरा पडला.

ती गुणवत्ता १९८०च्या दशकाच्या मध्यावर आली. सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीस मुभा दिली आणि दोन-तीन वर्षांतच सुझुकी, यामाहा, होंडा आणि कावासाकी या चारही कंपन्या भारतात दाखल झाल्या. त्यांतील होंडाची कथा विशेष बोलकी आहे. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने, देशात स्कूटरच खपते हे ध्यानी घेऊन, होंडाबरोबर स्कूटर निवडली. सायकली बनविणाऱ्या हिरोच्या वाट्याला मोटारसायकल आली, असे सांगतात. त्या क्षणी शहाणपणाची वाटणारी निवड फिरोदियांची होती. त्यांच्या कायनेटिक होंडाला गिअर नव्हता, बटण दाबून ती सुरू होई, आणि किकेच्या कटकटीमुळे स्कूटरपासून दूर राहिलेल्या शिक्षिका, परिचारिका, कार्यालयांत काम करणाऱ्या स्त्रिया हिच्यामुळे प्रथमच मोठ्या संख्येने स्वतः वाहन चालवू लागल्या. बेळगावसारख्या शहरातील समाजजीवनात हा बदल लहान नव्हता. पण कायनेटिक होंडाही टू-स्ट्रोकच होती. हिरो होंडाची १९८५ सालची सीडी-१०० मात्र चार-स्ट्रोक होती. शंभर सीसीचे ते लहानसे इंजिन चालत असे शांतपणे, धूर सोडत नसे आणि स्कूटरच्या दीडपट अंतर तरी लिटरभर पेट्रोलमध्ये कापत असे.

बजाजने १९८६ साली कावासाकीच्या सहकार्याने जी पहिली मोटारसायकल आणली, ती केबी-१०० टू-स्ट्रोक जातीची होती. हा निर्णय आज चुकीचा दिसतो; तेव्हा तो स्वाभाविक होता. कारखान्यातील यंत्रे, सुटे भाग पुरविणारे लहान उद्योजक, विक्रेत्यांचे मेस्त्री आणि खुद्द अभियंत्यांचे हात हे सारे टू-स्ट्रोकवर घडलेले होते. चार-स्ट्रोकसाठी सिलिंडरहेडचे ओतकाम निराळे, कॅमशाफ्टचे घासकाम निराळे, मापांतील अचूकपणा कितीतरी अधिक. ओतकामाचा जो पट्टा कोल्हापूर-इचलकरंजीपासून बेळगावच्या उद्यमबागेपर्यंत पसरला आहे तेथील कोणत्याही जाणत्या कारागिराला विचारावे. चांगला पंप ओतणे आणि चांगले सिलिंडरहेड ओतणे यांत किती अंतर आहे ते तो सांगेल. १९९१ साली बजाजची ४-एस चॅम्पियन ही चार-स्ट्रोक मोटारसायकल आली. तंत्र हाती आले होते. मन मात्र अद्याप स्कूटरमध्येच होते, कारण पैसा स्कूटरमध्ये होता. १९९४-९५ साली कंपनीने वर्षात दहा लाख वाहने विकली. एवढा नफा देणाऱ्या वस्तूचा मृत्यू तिच्याच मालकाला दिसावा, अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाला धरून नाही.

कर्नाटकातील वाचकांना या संदर्भात म्हैसूरचे एक उदाहरण आठवेल. आयडियल जावा या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या टू-स्ट्रोक मोटारसायकली होत. त्यांच्या आवाजाचे चाहते आजही आहेत. बळकटपणात त्या कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण नव्या इंजिनापर्यंत तो कारखाना पोचलाच नाही. १९९६ साली तो बंद पडला. बजाजकडे पैसा होता, म्हणून उशिराने का होईना पोचणे त्याला शक्य झाले. उशीर सोसण्याची ऐपत ही सुद्धा एक भांडवलशक्तीच असते.

दरम्यान कायद्यानेही पावले उचलली. वाहनांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९१ साली आली, पण ती सैल होती. १९९६ साली दुचाकीसाठी किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅम अशी मर्यादा झाली. २००० साली दोन्ही आकडे २ ग्रॅमवर आले, २००५ साली १.५ वर. न जळलेले पेट्रोल धुरातून सोडणाऱ्या इंजिनाला या पायऱ्या उत्तरोत्तर अवघड होत्या. धुराड्यात उत्प्रेरक बसवून काही काळ निभावता येत होते, तसे ते निभावलेही. तथापि टू-स्ट्रोकला कायद्याने मारले असे म्हणणे अर्धसत्य होय. कायदा कडक होण्याआधीच निपाणी-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याने आपला कौल दिला होता. काळ्या मातीच्या पाणंदीत स्कूटरचे दहा इंची चाक रुतते. मोटारसायकलीचे मोठे चाक निघून जाते. ऊसबिलाचे पैसे हाती आल्यावर त्याने कोणती गाडी घ्यावी हे सांगायला प्रदूषणतज्ज्ञाची गरज नव्हती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस देशभरात मोटारसायकलीने स्कूटरला मागे टाकले, आणि २००१ साली हिरो होंडा ही जगातील सर्वाधिक दुचाकी विकणारी कंपनी झाली. जो मान बजाजला आपलाच वाटत होता तो सायकलवाल्यांकडे गेला.

आता बजाजची धावपळ सुरू झाली. १९९७ साली बॉक्सर, १९९८ साली कॅलिबर, त्याच वर्षी लेजंड ही चार-स्ट्रोक स्कूटर आणि स्पिरिट, २००० साली सॅफायर. पंचवीस वर्षे एकाच घोड्यावर बसलेल्या कंपनीने तीन-चार वर्षांत अर्धा डझन नव्या गाड्या बाजारात सोडल्या. यांतील लेजंडकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. चार-स्ट्रोक स्कूटर भारतात प्रथम बजाजने आणली, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. तिचे इंजिन नवे होते. बाकी तिने जुनीच वहिवाट चालविली. डाव्या मुठीतील गिअर आणि क्लच तसेच राहिले. ज्यांना नवे काही हवे होते त्यांना ती जुनी वाटली, आणि ज्यांना जुनी चेतक हवी होती त्यांच्या ओळखीचे इंजिन तिच्यात नव्हते. पुढे तीन वर्षांनी होंडाने स्वतंत्रपणे भारतात येऊन ॲक्टिव्हा आणली. तिचे इंजिन चार-स्ट्रोक, गिअर नाही, बटणाने सुरू होणारी, आणि अंग पत्र्याचे. तिच्यातील एकही गोष्ट बजाजला अप्राप्य नव्हती. फरक इतकाच की होंडाने आरंभ चालविणाऱ्यापासून केला आणि बजाजने आपल्या जवळच्या यंत्रसामग्रीपासून. दास्कानियोने १९४६ साली जो प्रश्न विचारला होता, गाडी कोणासाठी आहे, तोच व्हेस्पाच्या भारतीय वारसदाराला विचारावासा वाटला नाही.

मोटारसायकलीत मात्र चित्र पालटले. राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव बजाज पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन १९९० साली कंपनीत आले होते. वाहनांची संख्या कमी पण आपली स्वतःची, उत्पादन चोख, सुटे भाग पुरविणारे थोडे आणि भरवशाचे, अशी त्यांची धारणा होती. चाकणला नवा कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तेथून पल्सर बाहेर पडली, १५० व १८० सीसीची. पेट्रोल वाचविणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांत हिरो होंडाला गाठणे कठीण, तेव्हा ज्यांना थोडी ताकद आणि थोडा रुबाब हवा अशा तरुणांकडे वळावे, हा त्यामागील विचार अचूक ठरला. २००३ साली तिच्या सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन प्लग आले. मिश्रण दोन्ही बाजूंनी पेटल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. या दुहेरी प्लगच्या एकस्वावरून टीव्हीएसबरोबर २००७ साली जो वाद पेटला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ साली आपसांतील समझोत्याने मिटला. इंजिनाच्या एका बारकाव्यासाठी दोन भारतीय कंपन्यांनी बारा वर्षे न्यायालयात उभे राहावे, हे एका अर्थी प्रगतीचेच लक्षण होय. चेतकच्या काळात भांडण्यासारखे आपले असे काही नव्हतेच. यंत्र इटलीचे होते आणि दावे लावीत होती पियाज्जो.

या यशाची किंमत कोणी दिली हेही नोंदविले पाहिजे. आकुर्डीच्या कारखान्यात एक संबंध पिढी स्कूटर जोडण्यात मुरली होती. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या गावांतून आयटीआय करून गेलेली मुले तेथे कायम झाली की घरी पेढे वाटले जात. २००० नंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना एकामागून एक आल्या, हजारो कामगार बाहेर पडले, आणि २००७ साली आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबविण्यात आले. स्वेच्छा हा शब्द अशा वेळी किती ताणावा याला मर्यादा आहे. चाळिशीतला माणूस हातात रक्कम घेऊन गावी परततो, तिच्यातून घराचे छप्पर होते, मुलीचे लग्न होते, आणि उरलेल्या वर्षांसाठी त्याच्याजवळ जे कौशल्य असते त्या कौशल्याचे यंत्रच बाजारातून गेलेले असते. दोन प्लगचे इंजिन यशस्वी झाले या वाक्याच्या शेजारी हे वाक्यही लिहिलेले असावे.

डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्णपणे सोडून केवळ मोटारसायकलीवर लक्ष देण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याला याचे दुःख झाले, हे राहुल बजाज यांनी लपविले नाही. बाप-लेकांतील हा मतभेद वर्तमानपत्रांनी भावनेचा विषय केला. तो वस्तुतः उद्योगनीतीचा होता, आणि माझ्या मते त्यात वडिलांची बाजू अगदीच निर्बल नव्हती. कारण पुढील दशकात स्कूटर मेली नाही, उलट वाढली. शहरांतील रस्ते गर्दीने भरले, स्त्रिया आणि वयस्क माणसे मोठ्या संख्येने वाहन चालवू लागली, आणि ज्या ॲक्टिव्हाच्या जागी एखादी बजाज असू शकली असती ती घराघरांपुढे उभी राहिली. कंपनीने इंजिनाचा दोष वाहनाच्या माथी मारला. त्याच वेळी हेही खरे की मोटारसायकलीवरील एकाग्रतेमुळेच तिला आफ्रिका-लॅटिन अमेरिकेपर्यंत निर्यात वाढविता आली आणि ऑस्ट्रियाच्या केटीएमसारख्या कंपनीत २००७ पासून भागीदार होऊन तिच्या गाड्या चाकणला बनविता आल्या. दोन्ही जमा एकाच खात्यावर मिळाल्या असत्या काय, हे सांगणे कठीण.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ ही मर्यादा आली. किलोमीटरमागे हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम. बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी संगणकाच्या आज्ञेने इंधन फवारणारी व्यवस्था आली. तोंडाने फुंकून जेट साफ करणाऱ्या मेस्त्रीपुढे आता वायरने जोडायचे तपासणीयंत्र आले. ते ज्याला परवडले तो टिकला, ज्याला नाही तो पंक्चर आणि ऑईल बदलण्यावर आला. दुरुस्त होण्याची जी गुणवत्ता चेतकच्या काळात गावोगावी पसरली होती, ती अशा रीतीने न बिघडण्याच्या गुणवत्तेपुढे मागे हटली. गिऱ्हाइकाचा त्यात निश्चित लाभ झाला. मेस्त्रीचा झाला असे म्हणवत नाही.

चेतक हे नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने पुन्हा बाहेर काढले. १४ जानेवारी २०२० रोजी आलेली ही नवी चेतक विजेवर चालणारी आहे; आरंभी ती पुणे आणि बेंगळूर या दोनच शहरांत, म्हणजे आपल्या महामार्गाच्या दोन टोकांना, मिळत होती. राहुल बजाज यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षीच्या १० जूनला, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीच्या जुन्या जागेत विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. पेट्रोल इंजिनाचा पिच्छा त्यानंतरही सुटलेला नाही. जुलै २०२४ मध्ये याच कंपनीने सीएनजीवर चालणारी फ्रीडम ही मोटारसायकल आणली आहे. विजेच्या चेतकचे अंग जुन्या चेतकप्रमाणे पत्र्याचे आहे आणि जाहिरातीत ते आवर्जून सांगितले जाते. तिला किक नाही, गिअर नाही, आणि घाटमाथ्यावर उतरून, खोलून, पॉलिश पेपरने घासावा असा प्लगही नाही.